कबूल, पण कोणापाशी?

११ ऑगस्ट १९६३. दुपारचे सव्वातीन. तेव्हाच्या बिहारमधल्या आणि आताच्या झारखंडमधल्या पालकोट पोलीस ठाण्यात एक माणूस आपल्या पायांनी चालत आला. त्यानं त्या सकाळी चार माणसं मारल्याचं सांगितलं: चुलती, तिची मुलगी, तिचा जावई आणि लहानगा नातू. ठाणेदारानं ते सगळं लिहून घेतलं, त्याखाली डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि त्याला अटक केली. दुसऱ्या दिवशी त्यानं पोलिसांना आणि साक्षीदारांना बरोबर नेऊन चारही प्रेतं दाखवली. दोन घरात होती, एक शेताजवळच्या खड्ड्यात आणि एक डोंगराच्या उतारावर. झुडपात दडवलेली टांगी, म्हणजे कुऱ्हाड, त्यानंच दाखवली. त्याच्या घरात रक्ताचे डाग असलेली चादर सापडली. खालच्या न्यायालयानं फाशी सुनावली आणि पाटणा उच्च न्यायालयानं ती कायम केली.

मे १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचं अपील मंजूर केलं आणि त्याला सोडून दिलं.

पुराव्याच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला ‘अघनू नगेसिया’ हा खटला भेटतोच. वाचणारा पहिल्यांदा चिडतो. खून करणाऱ्यानं स्वतः येऊन सांगितलं, मग न्यायालयाला आणखी काय हवं होतं? त्या चिडण्यात एक अडचण आहे. खून होताना कोणी पाहिलं नव्हतं. हातात होती ती मुख्यतः आरोपीनंच दिलेली खबर. न्यायमूर्ती बचावत यांनी त्या खबरीचे अठरा तुकडे पाडले आणि एकेक तुकडा तपासला. आरोपी कोण आणि त्याच्या सांगण्यावरून काय सापडलं, एवढेच तुकडे पुराव्यात घेण्याजोगे उरले. हेतू, तयारी, हत्यार, घाव, नंतरची पळापळ हे सगळं कबुलीचेच अवयव आहेत, आणि कबुलीला लागलेला विटाळ प्रत्येक अवयवाला लागतो, असं न्यायालयानं म्हटलं. उरलेल्या पुराव्यावर चार खून सिद्ध होत नव्हते.

हा विटाळ आला कुठून? बोलणारा खोटं बोलत होता म्हणून नव्हे. ऐकणारा पोलीस होता, म्हणून.

‘कबूल’ आणि ‘जबाब’ हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले, पण कबुली ही गोष्ट आपल्याकडे त्याहून जुनी आहे. धर्मशास्त्रात प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक संप्रतिपत्ती, म्हणजे ‘होय, हे खरं आहे’. एरवी व्यवहाराला, म्हणजे खटल्याला, चार पाय असतात. संप्रतिपत्ती आली की तो दोन पायांवर येतो. पुरावा घेण्याची गरज उरत नाही. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यात गोतसभेपुढे हरलेल्याकडून यजितखत लिहून घेत, तेही याच घराण्यातलं. आपण हरलो हे त्यानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, म्हणजे तंटा पुन्हा उकरला जाणार नाही. या सगळ्या परंपरेत कबुली म्हणजे निकालाचा सोपा रस्ता. तिच्यावर संशय घ्यावा असं कुणाला वाटत नव्हतं, कारण ती गोतासमोर, चार माणसांत दिली जात होती.

संशय आला तो बंद खोलीत. कंपनी सरकारच्या काळात एकाच खालच्या नोकराच्या हाती सारा वसुलीही होती आणि गुन्ह्याचा तपासही. दोन्हींसाठी हत्यारं तीच. १८५४ मध्ये ब्रिटिश संसदेत यावर आरडाओरडा झाला आणि मद्रास इलाख्यात छळाची चौकशी करणारा आयोग नेमला गेला. त्याच्या १८५५ च्या अहवालात बोटं दाबण्याच्या लाकडी चिमट्याचं, ‘किट्टी’चं, वर्णन आहे. माणसाला वाकवून दोरीनं बांधून ठेवायच्या ‘अनुंडाल’चंही आहे. आयोगानं दोष देशी कर्मचाऱ्यांवर ठेवला आणि गोऱ्या साहेबांना मोकळं सोडलं. साहेबाला सारा वेळेवर हवा होता आणि चोर लवकर हवा होता, हा हिशेब अहवालात मांडला गेला नाही. तरीही त्या कागदातून एक गोष्ट कायद्यात शिरली. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं पोलिसापुढची कबुली पुराव्यातून बाद केली.

१८७२ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी भारतीय पुरावा अधिनियम रचला आणि तीच तरतूद त्यात कलम २५ म्हणून घेतली. कलम २६ मध्ये कोठडीतली कबुली आली. दंडाधिकारी समोर नसेल तर तीही बाद. या अविश्वासाचं कारण सांगताना स्टीफन यांनी पुढे एका ग्रंथात एका अनुभवी अधिकाऱ्याचं बोलणं नोंदवलं. त्याचा आशय असा, की उन्हातान्हात पुरावा हुडकत फिरण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत लाल मिरची चोळणं किती तरी सोयीचं. त्या अधिकाऱ्याच्या मते यात आळसाचा मोठा हात होता. या अविश्वासाची मुळं मिरचीत आहेत, हे लक्षात घेतलं की पालकोटचा निकाल थोडा कळू लागतो.

पण कायद्यानं दार बंद केलं आणि लगेच एक खिडकी ठेवली. तिचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. १७८३ मध्ये लंडनच्या एका खटल्यात चोरीचा माल घेतल्याचा आरोप असलेल्या बाईनं सवलतीच्या आशेवर कबुली दिली. माल तिच्याच बिछान्यात सापडला. न्यायालय म्हणालं, कबुली बाद, पण माल सापडला हे काही बाद होत नाही. वस्तू खोटं बोलत नाही. हाच विचार आपल्याकडे कलम २७ झाला. आरोपीच्या सांगण्यावरून काही सापडलं, तर सांगण्याचा तेवढाच भाग घेता येतो.

‘तेवढाच’ म्हणजे किती, यावर अनेक दशकं भांडण झालं. ते मिटवलं १९४६ च्या डिसेंबरात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, ‘पुलुकुरी कोट्टय्या’ खटल्यात. निकाल लिहिणारे सर जॉन ब्यूमाँट हे १९३० ते १९४३ या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी रेघ अशी ओढली: आरोपी म्हणाला, ‘घराच्या छपरात खोवलेला सुरा काढून देतो’, तर हे घ्यायचं, कारण सुरा तिथं आहे हे त्याला माहीत होतं, हे यातून कळतं. पण त्याच वाक्याला ‘ज्यानं मी अमक्याला भोसकलं’ असं शेपूट असेल, तर ते कापायचं. सुरा पोलिसांनी शोधून काढला म्हणून खुनाचा शोध लागला असं होत नाही.

महाराष्ट्रातल्या सत्र न्यायालयांत ही कात्री रोज चालते. निवेदन पंचनाम्यात दोन पंचांसमोर आरोपी म्हणतो, ‘लपवून ठेवलेला कोयता काढून देतो, माझ्यासोबत चला’. आधी किंवा नंतर लिहिलेलं ‘ज्यानं मी बायकोला मारलं’ न्यायाधीश कंसात टाकतात. एकाच दमात बोललेल्या वाक्याचा अर्धा भाग पुरावा होतो आणि अर्धा कधी बोललाच गेला नाही असा.

कबुली ऐकणारा पोलीस नसेल तर? ११ ऑगस्टनंतर दोनच दिवसांनी, १३ ऑगस्ट १९६३ च्या सकाळी, उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यात एका घरात सून जखमी सापडली. काही दिवसांनी ती रुग्णालयात मरण पावली. सासरा त्या सकाळी घरातून निघाला तेव्हा तो स्वतःशीच पुटपुटत होता, की तिला संपवली आणि तिच्याबरोबर रोजची भांडणंही संपवली. शेजाऱ्यांनी ते ऐकलं. ‘साहू’ खटल्याच्या अपिलात मुद्दा आला, की स्वतःशी बोलणं ही कबुली कशी? कबुली तर कोणाला तरी द्यावी लागते. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी म्हटलं, कबुली दुसऱ्याला सांगायलाच हवी असं नाही. माणूस डायरीत लिहितो, तसंच हे. फक्त पुटपुटणं तुटक आणि संदिग्ध असतं, म्हणून ते तोलून घ्यायचं. फेब्रुवारी १९६५ मध्ये ते अपील फेटाळलं गेलं. पालकोटच्या निकालाच्या तीनच महिने आधी.

दोन्ही प्रकरणं घरच्यांच्या खुनाची, दोन दिवसांच्या अंतराची, दोन्ही अपिलं त्याच न्यायालयात त्याच वर्षी. एकानं ठाण्यात जाऊन सविस्तर सांगितलं, ते पुसलं गेलं. दुसरा कोणालाही सांगत नव्हता, तरी ते नोंदलं गेलं. मुंबईतल्या नानावटी प्रकरणातही हेच दिसतं. खून झालेल्या आहूजांच्या इमारतीच्या पहारेकऱ्यानं अडवल्यावर आरोपी कमांडर नानावटी जे बोलले, त्याला सर्वोच्च न्यायालयानं १९६१ च्या निकालात पोलिसांबाहेरची कबुली म्हणून वजन दिलं. पहारेकऱ्याच्या हातात काठी असेल, पण कोठडीची किल्ली नव्हती. कबुलीचं वजन जिभेवर ठरत नाही. समोरच्याच्या हातात किल्ली आहे की नाही, यावर ठरतं.

हा नियम सगळीकडे तसाच राहिला नाही. १९८७ च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्यानं वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली, आणि महाराष्ट्रानं १९९९ च्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात कलम १८ नं तेच केलं. टाडा गेला, मकोका आहे. घरगुती खुनाला मात्र हे दार उघडलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात आकडे बदलले, गाभा तोच राहिला. जुनी २५, २६ आणि २७ ही कलमं आता एकाच कलम २३ मध्ये आली आहेत आणि खिडकी त्याचं परंतुक झाली आहे.

मग चार भिंतींआड मारल्या जाणाऱ्या बाईचं काय? तिथं साक्षीदार नसतो आणि ठाण्यात दिलेली कबुली चालत नाही. यावरची वाट महाराष्ट्रातूनच आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ठळक केली. ‘त्रिमुख मारोती किरकन’ खटल्यात नवऱ्याकडून सांगण्यात आलं होतं, की बायको साप चावून मेली. शवविच्छेदनात गळा दाबल्याचं दिसलं. न्यायालय म्हणालं, घराच्या आत काय घडलं हे घरातल्यालाच ठाऊक असतं. सरकार पक्षानं आधी आपली बाजू उभी केली, तर त्यानं समाधानकारक खुलासा द्यायला हवा. गप्प बसला किंवा खोटं बोलला, तर ती साखळीतली आणखी एक कडी होते. सगळं सिद्ध करण्याचं ओझं सरकार पक्षावरून उतरत नाही, हेही न्यायालयानं बजावलं.

म्हणजे कायद्यापुढे दोन बंद खोल्या आहेत. एक पोलीस ठाण्याची, दुसरी घराची. दोन्हींत आत काय झालं हे आतलाच जाणतो. पहिल्या खोलीत आतला बोलला तरी कायदा कान झाकतो. दुसऱ्या खोलीत आतला गप्प बसला तर कायदा कान टवकारतो. हे उलटं दिसतं, पण सूत्र एकच आहे: खोलीत ज्याच्या हाती सत्ता होती, त्यानं उत्तर द्यायचं. ठाण्यात ती फौजदाराच्या हाती असते. घरात बहुतेकदा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या.

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, चौकशीच्या खोलीतही कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. कॅमेऱ्याचा डोळा उघडा राहिला, तर १८६१ चा अविश्वास लागणार नाही, असं म्हणणारे आहेत. कायदा करणाऱ्यांनी तीन वर्षांनी नवा अधिनियम लिहिला, तेव्हा त्यांनी कॅमेऱ्यावर विसंबून कलम पुसलं नाही.

पालकोटच्या त्या माणसाच्या डोळ्यांत कोणी मिरची चोळली होती, असं निकालात कुठंच नाही. तो स्वतःहून आला होता. पण मिरची असलेली आणि मिरची नसलेली खोली बाहेरून सारख्याच दिसतात, आणि कायदा बाहेर उभा असतो. म्हणून त्यानं मिरची नसलेल्या खोलीतलंही वाक्य कापलं. चार प्रेतांच्या बदल्यात मोजलेली ही किंमत लहान नाही. ती कोणासाठी मोजली, हे मात्र त्या दुपारी ठाण्यात नसलेल्या, पुढच्या दुपारी आणल्या जाणाऱ्या माणसाला विचारायला हवं.