चौतीस आधी, बारा नंतर

८०८६ चा पहिलावहिला प्रोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी १२३४एच ही संख्या मेमरीत ठेवतो, इम्युलेटरवर प्रोग्रॅम चालवतो आणि मेमरीची खिडकी उघडून बघतो. तिथे ३४ १२ असं असतं. आधी वाटतं, आपलंच टाइप करताना चुकलं. शेजारचा म्हणतो, "असंच असतं रे, लो बाइट आधी." तोंडी परीक्षेत मार्क मिळवायला एवढं उत्तर पुरतं. पण त्या उलट्या जोडीची कुळी शोधत गेलं, तर वाट थेट मेमरी डोळ्यांनी बघण्याच्या पहिल्या दिवसापर्यंत पोचते.

तो दिवस २१ जून १९४८. मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांच्या 'बेबी' या यंत्राने मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवून दाखवला. बेबीची मेमरी म्हणजे एक कॅथोड किरण नळी होती. तिच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके साठवलेले, ३२ ओळींत प्रत्येकी ३२. गंमत अशी, की ठिपके ओळखणारी धातूची पट्टी नेमकी पडद्यावरच बसवलेली असल्यामुळे ते दिसायचे नाहीत. म्हणून शेजारी दुसरी नळी लावून तिच्यावर तोच मजकूर उमटवला जाई. छापणारं यंत्र नव्हतंच. २,६२,१४४ या संख्येचा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधायला बेबीने ५२ मिनिटं घेतली आणि १,३१,०७२ हे उत्तर माणसांनी ठिपक्यांतून वाचलं.

वाचलं तेही उलटं. बेबीच्या ओळीत सर्वांत कमी किमतीचा अंक डावीकडे, पहिला.

याचं कारण शाळेच्या पाटीवरचंच आहे. बेरीज करताना आपण एकं स्थानापासून सुरुवात करतो, कारण हातचा डावीकडे सरकत जातो. बेबी एका वेळी एकच बिट हाताळत असे. मग ज्या अंकाची गरज आधी, तो आधी बाहेर आलेला बरा. (मराठी माणसाने याला उलटं म्हणू नये, हेच बरं. 'चौतीस' म्हणताना आपणही चार आधी आणि तीस नंतर म्हणतो.)

पुढे मेमरी डोळ्यांआड झाली. ती बघायला साधनं लागू लागली आणि प्रोग्रॅममधल्या चुकांना 'बग' म्हणायची पद्धत असल्याने त्या साधनांना नावंही कीटकनाशकांची पडली. एमआयटीमधल्या टीएक्स-० यंत्रावरचं 'फ्लिट', मग पीडीपी-१ वरचं 'डीडीटी'. मलेरियासाठी ज्यांच्या घरांच्या भिंती फवारल्या गेल्या, त्यांना हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

मायक्रोप्रोसेसर आला तेव्हा अडचण वेगळीच झाली. बघायचं कशात, हाच प्रश्न होता. जानेवारी १९७५ मध्ये 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. त्याच्या दर्शनी पट्टीवर 'एक्झामिन' नावाची कळ होती. १६ खटक्यांनी पत्ता लावायचा, कळ दाबायची आणि ८ दिव्यांवरून एक बाइट वाचायचा. पॉल अॅलन आणि बिल गेट्स यांच्याकडे तर तेवढंही नव्हतं. त्यांनी अल्टेअरसाठी बेसिक लिहिली तेव्हा तो हातात आलाच नव्हता. अॅलनने हार्वर्डच्या पीडीपी-१० वर अल्टेअरमधल्या ८०८० चिपची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्या नसलेल्या चिपवर बेसिक तपासली. त्याच वर्षी इंटेलने आयसीई-८० आणलं. त्यात सर्किटवरची चिप काढून तिच्या सॉकेटमध्ये केबल खोचायची आणि पलीकडच्या यंत्रावर बसून आतला कारभार बघायचा. मायक्रोप्रोसेसरवाल्यांचा 'इम्युलेटर' तेव्हा असा हातात धरायची वस्तू होता.

आजच्या मेमरीच्या खिडकीची मांडणी मात्र गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममधली. तिथल्या त्याच नावाच्या साधनाला, डीडीटीला, 'डी' म्हटलं, की डावीकडे पत्ता, मध्ये १६ बाइट आणि उजवीकडे त्यांचीच अक्षरं यायची. न छापता येणाऱ्या बाइटच्या जागी टिंब. टिम पॅटरसनने ८०८६ साठी केलेल्या डीबगमध्ये, म्हणजे पुढच्या एमएस-डॉसच्या डीबगमध्ये, तोच 'डी' आणि तशाच ओळी आल्या. सोबत आणखी एक वारसा आला. डॉसच्या कॉम प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'ऑर्ग १००एच' लिहावं लागतं, कारण सीपी/एम मध्ये पहिले २५६ बाइट सिस्टिमचे असत.

राहिला ३४ १२ चा प्रश्न. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या 'कम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशन'ने १९७० मध्ये डेटापॉइंट २२०० हे यंत्र जाहीर केलं. त्याचा प्रोसेसर बेबीसारखाच एका वेळी एक बिट हाताळणारा, आणि मेमरी शिफ्ट रजिस्टरची, म्हणजे बिट रांगेनेच बाहेर येणार. दोन बाइटचा पत्ता हिशेबात घ्यायचा तर हातच्यासाठी खालचा बाइट आधी हवा, म्हणून आज्ञांमध्ये तो आधी लिहायचं ठरलं. हा सगळा प्रोसेसर एका चिपवर बसवायचं काम कंपनीने इंटेलला दिलं. त्या चिपला, ८००८ ला, बिटांची रांग लावायची गरजच नव्हती. ती आठही बिट एकदम उचलायची. पण आज्ञा डेटापॉइंटच्या, म्हणून क्रमही डेटापॉइंटचाच ठेवला. तिथून तो १९७४ च्या ८०८० मध्ये, मग ८०८५ मध्ये आणि १९७८ मध्ये ८०८६ मध्ये उतरला. आता तर ८०८६ ही खरा नसतो, लॅपटॉपवर त्याची नक्कल चालते. तरी इम्युलेटर लिहिणाऱ्याला दोन्ही बाइट त्याच क्रमाने मांडावे लागतात.

ज्या कंपनीसाठी हा क्रम ठेवला, तिने ती चिप घेतलीच नाही. स्वतःच्या यंत्रात अनेक चिप्सचाच प्रोसेसर चालू ठेवला आणि इंटेलने १९७२ मध्ये ८००८ बाजारात विकायला काढली.