‘गो’चे ‘वेन्ट’ आणि ‘जा’चे ‘गेला’

शिरूर आणि दौंड या दोन्ही गावांच्या कानावर इंग्रजी फार पूर्वी पडली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूरला, घोडनदीकाठी, इंग्रजी फौजेची छावणी होती. कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री येथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावची लढाई झाली. दौंडला इंग्रजी रेल्वेबरोबर आली. १८७८ साली मनमाडचा मार्ग सुरू झाला, आणि जंक्शनच्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत असत. त्यांच्या घरांतील मुलांना ‘वेन्ट’ पाठ करावे लागले नसेल.

मराठी शाळेतील मुलाला ते पाठ करावे लागले. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली, त्यापूर्वी ती पाचवीत भेटे. आणि लवकरच ‘गो–वेन्ट–गॉन’ असा क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता समोर येई. त्याला कारण विचारण्याची सोय नव्हती. ही भाषा लहरी आहे आणि आपण मंद आहोत, अशी दोन अनुमाने अनेकांनी काढली. दोन्ही चुकीची होती.

‘वेन्ट’ हे मुळात ‘वेन्ड’ या दुसऱ्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप. ‘गो’चे जुने रूप मागे पडले आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास त्याची जागा ‘वेन्ट’ने घेतली. आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? ‘जाणे’ आले संस्कृत ‘या’ धातूपासून आणि ‘गेला’ आले ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून. ‘होणे’ ‘भू’चे, तर ‘झाला’ ‘जन्’च्या ‘जात’चे. ‘सिंग–सँग–संग’ यातील स्वरबदलही लहर नव्हे. संस्कृत व्याकरण ज्याला गुण म्हणते, त्याच प्राचीन स्वरव्यवस्थेचा तो अवशेष आहे.

असे अवशेष टिकतात कोठे? जेथे वापर सर्वाधिक, तेथे. २००७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढला होता, त्यांपैकी ९८ आजही अनियमित आहेत. जी कमी वापरली गेली, ती आधी नियमात आली. ‘हेल्प’चे ‘होल्प’ असे होई, ते ‘हेल्प्ड’ झाले. मराठीतही ‘केला’, ‘मेला’, ‘गेला’ ही रूपे रोजच्या तोंडची आहेत, म्हणूनच ती नियमाला दाद देत नाहीत.

लहान मूल ‘मी करला’ म्हणते तेव्हा घरचे कौतुकाने हसतात आणि ‘केला’ म्हणायला शिकवतात. तेच मूल पुढे वहीत ‘गोएड’ लिहिते तेव्हा त्यावर लाल रेघ येते. वस्तुतः दोन्ही ठिकाणी त्याने नियम ओळखून तो लावून पाहिलेला असतो. तक्ता पाठ करावा लागेलच, त्याला पर्याय नाही. परंतु रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने ‘जा’चे ‘गेला’ कसे झाले एवढे सांगितले, तरी त्या मुलाच्या मनातील दुसरे अनुमान पुसले जाईल.