वीस इंचांची नळी

जुन्नर आणि आंबेगाव म्हटलं की शिवनेरी आठवतो, लेण्याद्री आठवते, भीमाशंकरची वाट आठवते. बंदूक काही कुणाला आठवत नाही. आणि तरीही या दोन तालुक्यांत जुन्या घरांच्या माजघरात, धान्याच्या कणगीमागं किंवा लोखंडी कपाटात, परवान्याची एखादी बंदूक अजून सापडते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी अशा बंदुकांच्या मालकांना भेटत हिंडलो. इतिहासाच्या शिक्षकाची सवय, दुसरं काय! प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारत असे : तुमची बंदूक कशी आहे?

हा प्रश्न सुचला तो माझ्या भाच्यामुळं. तो अमेरिकेत असतो आणि रविवारी तिथल्या एका मैदानावर निशाणा लावायला जातो. त्याच्याकडे केल-टेक या कंपनीची ‘सब-2000’ नावाची कार्बाईन आहे. नऊ मिलिमीटरची, म्हणजे पिस्तुलाचीच गोळी ती झाडते आणि मधोमध दुमडून दप्तरात मावते. तिच्याविषयी तो तासभर बोलू शकतो. वजनाला हलकी, पिस्तुलाचंच मॅगझिन चालतं म्हणून सोयीची. पण नेम धरताना गाल नीट टेकत नाही आणि चाप जरा रखडतो. मला मोठी गंमत वाटली. एखाद्यानं स्कूटरविषयी बोलावं, तसा हा बंदुकीविषयी बोलत होता!

खरं म्हणजे आखूड बंदूक आपल्याला नवी नाही. जुन्या मराठीत तिला ‘कराबीन’ असं नाव आहे. घोड्यावर लांब बंदूक सांभाळणं अवघड, म्हणून स्वाराची बंदूक आखूड. पायदळाची तोड्याची बंदूक वेगळी. तिला पेटती वात लागे आणि पावसात ती निकामी होई. पुढं चकमकीची, चापाची बंदूक आली. गावकऱ्यांच्या हाती मात्र बरीच वर्षं राहिली ती ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू घालायची, गजानं ठासायची, छर्रे भरायचे आणि एक बार काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. सावज तोवर डोंगराआड गेलेलं असायचं.

या डोंगरांत हत्यार सरकारच्या डोळ्यांत खुपायला लागलं, त्याला कारण होतं. आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होनाजी भागोजी केंगले 1873 मध्ये सावकारांविरुद्ध उठला. कोळी समाजातली माणसं त्याच्यामागं उभी राहिली. पुणे, नगर, नाशिक, ठाणे या जिल्ह्यांच्या डोंगराळ पट्ट्यात त्यानं सावकारांना सळो की पळो केलं. 1876 मध्ये मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्यानं त्याला पकडलं. मधल्या 1875 साली सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले होते. पण त्या दंग्यांत लोकांचा रोख माणसांपेक्षा कर्जाच्या कागदांवर होता, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. तो साऱ्या देशासाठी होता, एकट्या आमच्या डोंगरासाठी नव्हे. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. हत्याराला परवाना लागणार, युरोपियनांना मात्र सूट! माणसाला बोचली ती हीच गोष्ट. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसनं हा कायदा सौम्य करावा असा ठराव केला. कुर्गच्या कोडवा लोकांना सवलत मिळाली, ती आजही चालू आहे. सह्याद्रीतल्या कोळ्या-ठाकरांना असं काही मिळालं नाही.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून तो अमलात आला. याचं तेरावं कलम मी मालकांना वाचून दाखवत असे, कारण त्यात आपला शेतकरी आहे. संरक्षणासाठी किंवा शिकारीसारख्या खेळासाठी बिनआट्याची, किमान वीस इंच नळीची बंदूक. पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक. ठासणीच्या बंदुकीनं भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सदस्याला निशाण्याच्या सरावासाठी पॉइंट बावीसची रायफल किंवा हवेची रायफल. सहाव्या कलमात तर परवान्याशिवाय नळी आखूड करायलाच बंदी आहे. दुमडणाऱ्या कार्बाईनला यात जागा कुठून असणार? कायद्याला भीती आखूड बंदुकीची, कारण ती धोतरात लपते. शिवाय नऊ मिलिमीटरची गोळी ही लष्कर-पोलिसांची, खासगी माणसाला ती बंदच.

अशी कार्बाईन आपण पाहतो ती पोलिसांच्या खांद्यावर. कानपूरला बनलेली, मूळची इंग्रजी स्टर्लिंग, दस्ता खालून दुमडणारी. आणि जुन्नरपासून नव्वद-शंभर किलोमीटरवर, पुण्याच्या पाषाणमध्ये, संरक्षण संशोधनवाल्यांनी महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर ‘अस्मी’ हे नऊ मिलिमीटरचं मशीन पिस्तूल तयार केलं. जानेवारी 2021 मध्ये ते लोकांपुढं आलं. पण हा सगळा सैन्याचा माल.

आता आमच्या मालकांचं मत ऐका. ओतूरकडच्या एका बागायतदारांकडे बाराबोरची दुनळी आहे. ते म्हणाले, “गुरुजी, बंदूक हाय, पण बार काढायची चोरी. काडतुसाचा हिशेब द्या, निवडणूक आली की ठाण्यात जमा करा, पावती जपा. दोन बायकांचा दादला परवडला!” भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची तक्रार निराळी होती. तिथला पाऊस असा की चार दिवस तेल लावलं नाही, तर नळीला गंज धरतो. दर आषाढात ते बंदूक चुलीजवळच्या भिंतीला टांगतात. मी विचारलं, “शेवटचा बार कधी काढला?” ते हसले. “दसऱ्याला पूजा करतो की!”

बिबट्याचं काय, हा प्रश्न इथं येणारच. कुकडीच्या कालव्यांनी ऊस आणला आणि उसानं बिबट्याला घर दिलं. वाड्यावस्त्यांवर संध्याकाळी पोरं अंगणात सोडायची धास्ती वाटते, ही धास्ती खोटी नाही. पण बिबट्या 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. जीव वाचवताना तो मारला गेला तर कायदा समजून घेतो, पण पाठलाग करून मारणं हा गुन्हा. नरभक्षक ठरल्यावर मारायचं तेही वनखात्यानंच. नोव्हेंबर 2025 मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला तसं झालं. एका मालकांनी मला रोखठोक सांगितलं, “रात्री उसात दोन डोळे चमकले, तर मी बंदूक शोधू का पोरगं उचलू?” मला त्यांचं म्हणणं पटलं. उसाच्या पाल्यात पंधरा फुटांवर लांब नळीची बंदूक वळतसुद्धा नाही. भाच्याची दुमडती कार्बाईन वळेल, पण अंधारात तिची गोळी कुणाच्या वस्तीवर जाईल, याचा हिशेब कोण देणार?

निशाण्याच्या हौसेला मात्र कायद्यानं दार उघडं ठेवलंय. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं आणि तिथं नेमबाजीच्या मैदानावर मुलं-मुली घडली. 2024 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्यपदक आणलं, ते त्याच पॉइंट बावीसच्या रायफलीवर. आमच्या तालुक्यांतल्या मुलांना मात्र बालेवाडी गाठायची म्हणजे पहाटेची एसटी आणि अख्खा दिवस. तालुक्याच्या एखाद्या हायस्कुलात दहा मीटरची, हवेच्या रायफलीची मार्गिका करता येईल. एक लांब खोली आणि मागं भक्कम भिंत लागते. त्याविषयी मी दोन-तीन ठिकाणी बोललो आहे.

परवाने हळूहळू सुटत चालले आहेत. 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवल्या आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली. पण आमच्याकडे दुसऱ्या बंदुकीचा प्रश्नच नाही, पहिलीलाच वारस मिळत नाही. भीमाशंकरच्या वाटेवरचे ते गृहस्थ मागच्या वर्षी गेले. मुलगा चाकणला कारखान्यात आहे. त्यानं परवाना आपल्या नावावर मागितला नाही. बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे आणि तिची पावती सातबाराच्या फायलीत लावून ठेवली आहे.