शहराची वेस आणि शहराची लोकसंख्या

मुंबई मोठी कीं कलकत्ता मोठें, हा वाद जुना आहे. तो सोडविण्यास खानेसुमारीचे आंकडे पुरेसे आहेत असें वाटतें. परंतु आंकडा मांडण्यापूर्वी शहर कोठें संपतें, हें ठरवावें लागतें.

१९५१ सालीं कलकत्ता महापालिकेच्या हद्दींत सुमारें साडेपंचवीस लक्ष वस्ती भरली. मुंबई बेटावर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, ती तेवीस लक्ष होती. या हिशेबानें कलकत्ता पुढें. पण आदल्याच वर्षीं, १९५० मध्यें, मुंबई महापालिकेची हद्द खाडी ओलांडून जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली होती. तोंवर स्वतंत्र नगरपालिका असलेलीं वांद्रें व कुर्ला हीं गांवें मुंबईंत जमा झालीं आणि आंकडा अठ्ठावीस लक्षांवर गेला. वांद्र्याचा रहिवासी जागचा हललाहि नव्हता. वेस मात्र त्याला ओलांडून पुढें गेली होती.

कलकत्त्याची बाजूहि लंगडी नव्हती. हुगळीपलीकडील हावडा, तसेंच तागाच्या गिरण्यांभोवतीं वाढलेलीं टिटागड, भाटपाडा यांसारखीं गांवें वेगळ्या नगरपालिकांकडे होतीं. तीं धरलीं तर कलकत्ता चाळीस लक्षांच्या पुढें जाई.

हा घोळ टाळण्यासाठीं १९७१ पासून खानेसुमारींत शहर व त्याला लागून असलेली वस्ती मिळून ‘नागरी समूह’ मोजण्याची रीत पडली. १९९१ सालीं बृहन्मुंबईंत ९९ लक्ष लोक होते, कलकत्ता समूहांत ११० लक्ष. ठाणें, कल्याण, उल्हासनगर इत्यादि शहरें जोडल्यावर मुंबईचा समूह १२६ लक्षांचा झाला. २०११ मध्यें कलकत्ता शहर ४५ लक्षांनिशीं देशांत सातवें, अगदीं चेन्नईच्याहि खालीं होतें. समूह म्हणून मात्र १४० लक्षांहून मोठें, मुंबई-दिल्लीखालोखाल तिसरें. मुंबईचे आंकडे त्याच वर्षीं १२४ व १८४ लक्ष होते.

या साठ लक्षांच्या अंतराला केवळ कागदी महत्त्व नाहीं. खानेसुमारी माणसाला त्याच्या राहत्या ठिकाणीं मोजते, कामाच्या ठिकाणीं नव्हे. कल्याणहून रोज सकाळीं आगगाडीनें कोटांतील कचेरींत येणारा कारकून दिवसभर मुंबईचें पाणी पितो, मुंबईचे रस्ते तुडवितो. घरपट्टी आणि मत मात्र कल्याणांत देतो. नळ, गटारें, आगगाड्या यांची तरतूद केवळ महापालिकेच्या आंकड्यावर केली तर हा माणूस हिशेबांतून निसटतो. म्हणून कोणत्याहि शहराची लोकसंख्या ऐकतांना, ती कोणत्या वेशीच्या आंतली, हें आधीं विचारणें अगत्याचें आहे.