गावाचा किल्ला, घरटी एक खोली

आज एका चर्चबद्दल बोलायचंय, पण बाहेरून बघितलं तर ते चर्च वाटतच नाही.

रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनिया भागात, ब्राशोव शहराजवळ प्रेझमेर नावाचं खेडं आहे. तिथे आधी दिसते ती साधारण १२ मीटर उंचीची गोल तटबंदी. तिच्या मधोमध १३ व्या शतकातलं गॉथिक चर्च. बांधायला सुरुवात केली ट्युटॉनिक नाइट्सनी. हे धर्मयोद्धे १२११ मध्ये आले आणि १२२५ मध्ये हंगेरीच्या राजाने त्यांना हाकलूनही दिलं. गाव मात्र राहिलं. तिथले लोक सॅक्सन, म्हणजे जर्मन बोलणारे शेतकरी आणि कारागीर.

पुढे तुर्की स्वाऱ्या सुरू झाल्या. गावाच्या रक्षणाला कोणी सरदार नव्हता, मग गावाने चर्चभोवतीच तट उभारला. मला सगळ्यात भारी वाटतात त्या तटाच्या आतल्या बाजूच्या खोल्या. लाकडी जिने, सज्जे आणि चार मजल्यांत मिळून २७० च्या आसपास खोल्या! प्रत्येक घराला एक खोली, दारावर नंबर. शत्रू आला की अख्खं गाव आत. एरवी तिथे धान्य ठेवायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर गावाचा बॅकअप, आणि तोही रोजच्या वापरातला. आत शाळेचा वर्गसुद्धा होता, म्हणजे वेढा पडला तरी पोरांना सुट्टी नाही.

चर्चमध्ये १५ व्या शतकातली तीन भागांची चित्रवेदी आहे. मधल्या फळीवर क्रुसावरचा येशू, बाजूला त्याच्या अखेरच्या दिवसांतले प्रसंग. १६ व्या शतकात सॅक्सन लोक लुथरपंथी झाले, त्या उलथापालथीत अनेक चर्चमधली जुनी चित्रं गेली. ही टिकली.

आणि किल्ला? तो पडला एकदाच असं सांगतात, १६११ मध्ये. घेणारा तुर्क नव्हता बरं का. तो होता गॅब्रिएल बाथोरी, ट्रान्सिल्व्हेनियाचा स्वतःचा शासक! ज्याने राखायचं, त्यानेच वेढा घातला. कुठल्या बाजूने धोका येईल याचा त्यांचा अंदाज तिथे चुकला, आणि त्यात त्यांचा दोष मला तरी दिसत नाही.

१९९९ मध्ये प्रेझमेर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. पण त्याआधीच, १९८९ नंतर, ट्रान्सिल्व्हेनियातले बहुसंख्य सॅक्सन जर्मनीला निघून गेले होते, कुठल्याही वेढ्याशिवाय. खोल्यांच्या दारांवर नंबर अजून आहेत. काही खोल्यांत आता संग्रहालय आहे.