तिकांड्याजवळचा धुरकट तारा

मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटाची पूजा, कहाणी, जेवणं असं सगळं उरकून आपण अंगणात येतो, तेव्हा पूर्वेला तीन ठळक तारे एका रेषेत दिसतात. ते तिकांडं, म्हणजे मृगाला लागलेला व्याधाचा बाण. मृग म्हटलं की आपल्याला पेरणी आठवते, पण पेरणीच्या मृगात सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते तेव्हा दिसत नाही. ते पाहायचं थंडीत. तिकांड्याच्या उजव्या हाताला बारीक ताऱ्यांची आणखी एक ओळ आहे. तिच्यातला मधला तारा धुरकट दिसतो. तो एक तारा नव्हेच, तो तेजोमेघ आहे. वायू आणि धुळीचा प्रचंड ढग, ज्यात नवे तारे जन्माला येतात. त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला 1300 हून जास्त वर्षं लागतात.

आमच्या बैठकीत मोबाईलवर त्याचा गुलाबी-जांभळा फोटो फिरला, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘मग आपल्याला तो राखाडी का दिसतो?’ प्रश्न बरोबर होता. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. आणि डोळा उजेड साठवूनही ठेवत नाही. फोटोची काच साठवते. थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली हंडा ठेवला की सकाळपर्यंत भरतो, तसं.

या तेजोमेघाचा पहिला फोटो 30 सप्टेंबर 1880 च्या रात्री अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्ज गावी निघाला. काढणारे हेन्री ड्रेपर व्यवसायाने डॉक्टर. घरच्या जागेत त्यांनी स्वतःची वेधशाळा बांधली होती. तोवर अडचण अशी होती की काचेवर औषध लावून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. दहा-पंधरा मिनिटांत काच सुकली की काम संपलं, हंडा भरायच्या आत नळ बंद. मग कोरड्या काचा निघाल्या आणि ड्रेपरांनी तब्बल 51 मिनिटं उजेड साठवला. तेवढा वेळ पृथ्वी फिरतच असते, म्हणून दुर्बीणही घड्याळाच्या यंत्राने ताऱ्यामागे सावकाश फिरवत ठेवायची. जरा हिसका बसला की सगळं पुसट. या रात्रींच्या कामात त्यांच्या पत्नी ॲना सोबत असत. काचांना औषध लावण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. फोटोखाली नाव मात्र हेन्रींचं.

तीन वर्षांच्या आतच, 1883 च्या जानेवारीत, लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्रू कॉमन नावाच्या इंजिनिअरने घरामागच्या बागेत तीन फूट रुंद आरशाची दुर्बीण लावून याच ढगाचा फोटो घेतला. हा माणूस पोटापाण्यासाठी गटारं आणि सांडपाण्याची कामं करी, आकाश हा त्याचा छंद. त्याच्या 37 मिनिटांच्या फोटोत असे तारे उमटले, जे त्याच दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नव्हते. आमच्या मते खरा पल्ला इथे गाठला गेला. डोळा जिथे थकतो तिथे काच पुढे गेली, आणि तीही परसातली.

ड्रेपर 1882 मध्येच वारले, वय अवघं 45. ॲनाबाईंनी नवऱ्याचं काम बंद पडू दिलं नाही. 1886 पासून त्यांनी हार्वर्डच्या वेधशाळेला पैसा दिला. तिथे आकाशाचे फोटो काढून काचांचे ढीग लागत, आणि दिवसा बायका भिंगाने त्या काचा तपासत. त्यांतली एक विल्यमिना फ्लेमिंग. स्कॉटलंडहून आलेली, पोटुशी असताना नवऱ्याने टाकलेली. वेधशाळेचे प्रमुख पिकरिंग यांच्या घरी ती मोलकरीण होती. त्यांनी तिला कामावर घेतलं आणि तिने हजारो ताऱ्यांची वर्गवारी लावून दाखवली. 1888 च्या एका काचेवर तिकांड्यातल्या एका ताऱ्याजवळ उजळ पट्ट्याला अर्धगोल खाच पडलेली तिने हेरली. तोच आज घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा प्रसिद्ध काळा ढग.

1895 मध्ये तेजोमेघांची मोठी यादी छापली गेली. तिच्यात फ्लेमिंगबाईंच्या शोधांपुढे नाव पडलं ते पिकरिंग यांचं. पगाराचंही तेच. बाईंना वर्षाला 1500 डॉलर, काही पुरुष सहायकांना 2500. त्यांनी तक्रार केली, तर बाईमाणसाच्या मानाने हा पगार उत्तम आहे असं ऐकावं लागलं. हे त्यांनी 1900 साली आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला कळलं. सख्यांनो, बैठकीच्या वहीत कुणी काय केलं ते नावानिशी लिहा, असा आमचा हट्ट उगाच नसतो.

आता रंगाचं. त्या जुन्या काचा काळ्या-पांढऱ्याच होत्या. रंगीत फोटो फार पुढे, विसाव्या शतकात आले. तेजोमेघाचा तांबडा-गुलाबी रंग बराचसा हायड्रोजन वायूचा, म्हणजे खराच. पण काही फोटोंत वायू वेगवेगळे ओळखू यावेत म्हणून रंग मुद्दाम निवडून भरतात, हेही लक्षात असू द्या. आज हौशी मंडळी अंगणात लहान दुर्बिणीला कॅमेरा जोडून एकामागून एक कितीतरी फोटो घेतात आणि संगणकावर एकत्र करतात. पद्धत ड्रेपरांचीच, हंडे मात्र अनेक.

येत्या अमावास्येच्या सुमारास बाहेरचा दिवा मालवून अंगणात उभ्या राहा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. धुरकट तारा डोळ्यांनीही सापडेल, घरात शेतराखणीची दुर्बीण असेल तर आणखी चांगला. घोड्याचं डोकं मात्र डोळ्याला दिसायचं नाही. पण तिकांडं उगवताना त्यातला सगळ्यात खालचा जो तारा, त्याच्या अगदी शेजारी ते आहे.