फाळके यांचे चमत्कृतिपट व त्यांचे जतन

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल १८७०–१६ फेब्रुवारी १९४४) हे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सर्वपरिचित आहेत. त्यांच्या नावे केंद्र शासनाने १९६९ मध्ये सुरू केलेला पुरस्कार हा चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान होय. तथापि कॅमेऱ्याच्या साहाय्याने चमत्कृती घडविणारे आणि निर्जीव वस्तूंना हालचाल देणारे भारतातील आद्य कलावंत, हे त्यांचे अंग त्या मानाने उपेक्षित राहिले. याचे मुख्य कारण त्यांच्या चित्रफितींचा नाश हे आहे.

फाळके यांचा जन्म नासिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत व नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. छायाचित्रण, शिलामुद्रण, रंगीत छपाई असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. जादूचे प्रयोगही ते करीत व त्यासाठी ‘फाळके’ हे आडनाव उलटे करून ‘प्रो. केळफा’ असे नाव त्यांनी घेतले होते. फ्रान्समधील चमत्कृतिपटांचा प्रवर्तक झॉर्झ मेल्ये हाही मूळचा जादूगारच. हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. प्रेक्षकाची नजर कोठे खिळवावी व कोठून चुकवावी, हे ज्ञान दोघांनीही रंगमंचावरून कॅमेऱ्याकडे आणले.

१९१२ मध्ये लंडनहून यंत्रसामग्री आणल्यावर फाळके यांनी कुंडीतील वाटाण्याच्या वाढीचा एक लघुपट तयार केला. अनेक दिवस ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन केलेली ही फीत पडद्यावर दाखविली, की अंकुर पाहता पाहता वर येत असे. पुढील निर्मितीसाठी भांडवल मिळाले ते या प्रात्यक्षिकामुळे. कोऱ्या फितीस कडेची छिद्रे पाडण्याचे काम तेव्हा घरीच, अंधारात करावे लागे. ते पत्नी सरस्वतीबाई करीत. राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळके यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नासिकला हलविला.

आगकाड्यांची मौज हा त्यांचा लघुपट १९१५ च्या सुमाराचा. काडी किंचित सरकवावी, एक चित्र घ्यावे, पुन्हा सरकवावी, अशी ही पद्धती. सेकंदाला सोळा चित्रे धरली, तर एका मिनिटाच्या दृश्यासाठी ९६० वेळा कॅमेरा थांबवून चालवावा लागतो. मोठ्या चित्रपटांत त्यांनी एकाच फितीवर दोनदा चित्रण करणे, भिंगापुढील काही भाग झाकणे, कॅमेरा मध्येच थांबविणे या युक्त्या वापरल्या. लंकादहन (१९१७) मधील हनुमानाचे उड्डाण, श्रीकृष्णजन्म (१९१८) मधील कंसाचे धडावेगळे होणारे मस्तक आणि कालियामर्दन (१९१९) मधील सर्पाशी झुंज ही दृश्ये अशाच युक्त्यांतून साकारली. कालियामर्दनात कृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली होती.

यांपैकी आगकाड्यांची मौज आणि वाटाण्याचा लघुपट आज उपलब्ध नाहीत. मूकपटांच्या फिती सेल्युलोज नायट्रेटच्या असत. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही, शिवाय कालांतराने आपोआप विघटित होणारा. त्यातच बोलपट आल्यावर मूकपटांचे व्यापारी मूल्य संपले. नासिक जिल्ह्यातील येवला हे पैठणीचे गाव. जीर्ण पैठणीची जर जाळून तिच्यातील चांदी काढून घेण्याची रीत जुनी आहे. मूकपटांच्या बाबतीतही तेच घडले : फितीवरील लेपातील चांदी धुऊन काढण्यात आली व उरलेले सेल्युलॉइड बांगड्यांसारख्या वस्तूंसाठी विकले गेले. भारतात सुमारे १,३०० मूकपट तयार झाले असे मानतात. त्यांपैकी तीसहून कमी पूर्णतः वा अंशतः उरले आहेत.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास १९६४ मध्ये स्थापन झाले, म्हणजे फाळके यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी. तेथील पी. के. नायर (१९३३–२०१६) यांनी फाळके कुटुंबाकडे राहिलेले तुकडे मिळविले. राजा हरिश्चंद्राच्या ३,७०० फुटांपैकी पहिल्या व शेवटच्या रिळांचा मिळून सुमारे १,४७५ फूट भाग हाती आला. कालियामर्दनाचा मात्र बराच मोठा भाग मिळाला. राजा हरिश्चंद्राचे उपलब्ध भाग १९१३ च्या मूळ चित्रपटाचे की फाळके यांनी १९१७ मध्ये केलेल्या दुसऱ्या आवृत्तीचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील नायट्रेट फितींच्या भांडारास आग लागून फार मोठा साठा जळाला. फाळके यांचे अवशेष आज पाहता येतात, ते त्यांच्या प्रती सुरक्षित फितीवर काढून घेतलेल्या होत्या म्हणूनच. २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

चेकोस्लोव्हाकियातील चमत्कृतिपटांचा निर्माता कारेल झेमान (१९१०–८९) याच्या वाट्याला वेगळे भाग्य आले. प्राग येथील चित्रपट संग्रह १९४३ पासूनचा असल्यामुळे झेमानचे चित्रपट मुळातूनच टिकले. त्याच्या युक्त्या उलगडून दाखविणारे वस्तुसंग्रहालय प्रागला २०१२ मध्ये उघडले आणि त्याच्या प्रमुख चित्रपटांचे पुनरुज्जीवनही झाले. नासिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. परंतु आगकाड्यांची हालचाल कशी साधली जाई, हे दाखवावयास मूळ फीतच नाही.

उपलब्ध अवशेष पाहताना आणखी एक अडचण येते. हे चित्रपट हाताने फिरविलेल्या कॅमेऱ्यावर सेकंदाला सुमारे सोळा चित्रांच्या गतीने घेतलेले आहेत. ते बोलपटाच्या चोवीस चित्रांच्या गतीने दाखविले, की पात्रे धावतात व चमत्कृती हास्यास्पद वाटते. फाळके यांच्या काळाला दिलेला भाबडेपणाचा दोष पुष्कळदा या चुकीच्या गतीचा आहे. नवयुग मासिकात १९१७–१८ मध्ये त्यांनी लिहिलेली लेखमाला आणि चित्रपट कसे तयार करतात या लघुपटाचा शिल्लक भाग ही त्यांच्या कार्यपद्धतीची दोन प्रत्यक्ष साधने होत. या लघुपटात स्वतः फाळके नटांना सूचना देताना आणि फीत हाताळताना दिसतात.